मेंदूत राजा कोण आणि नोकर कोण?

विद्यार्थीमित्रहो, ‘मेंदूचे भाग व त्यांची कार्ये’ हा पाठ तुमच्या वर्गात झालाच असेल. गुरुजी फळ्यावर एक तक्ता काढतात. प्रमस्तिष्क : विचार, स्मृती, बुद्धी. अनुमस्तिष्क : शरीराचा तोल. मस्तिष्कपुच्छ : श्वसन, हृदयाचे ठोके. तक्ता पाठ केला की परीक्षेत गुण मिळतात आणि आपण पुढच्या पाठाकडे वळतो.

हा तक्ता खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु तो पाठ करता करता आपल्या मनात नकळत एक चित्र तयार होते. वरच्या मजल्यावर सिंहासनावर बसलेला हुशार राजा, म्हणजे प्रमस्तिष्काचा सुरकुतलेला बाहेरचा थर. आणि खाली तळघरात मुकाट्याने पाणी भरणारा नोकर, म्हणजे मेंदूचा देठ. राजा हुकूम सोडतो, नोकर तो पाळतो. हे चित्र मात्र चुकीचे आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून व आपल्या मनांतून ते काढून टाकण्याची वेळ आता आली आहे, असे मला वाटते. हे चित्र खोडून काढणारा पुरावा आपल्याला दिला आहे तो प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराने.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. प्रमस्तिष्काच्या त्या बाहेरच्या थराला ‘बाह्यक’ म्हणतात. मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणारा, फुलकोबीच्या दांड्यासारखा जो भाग असतो, त्याला ‘मस्तिष्कस्तंभ’ म्हणतात. आपण त्याला सोपेपणाने ‘मेंदूचा देठ’ म्हणू. मस्तिष्कपुच्छ हा या देठाचाच सर्वांत खालचा भाग. बाह्यक असो की देठ, दोन्ही चेतापेशींचेच बनलेले आहेत, आणि चेतापेशींची बोली एकच : विजेचा छोटासा स्पंद. हा स्पंद साधारण एक हजारांश सेकंद टिकतो. कोणती पेशी कधी आणि किती वेळा स्पंद सोडते, यातच मेंदूचे सारे बोलणे सामावलेले असते.

देठ झोपेतून उठवतो

देठ हा निव्वळ नोकर नाही, अशी पहिली शंका १९३५ साली आली. बेल्जियममध्ये फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजरांवर प्रयोग केले. मेरुरज्जू आणि देठ यांच्यामधला संबंध तोडला, तरी मांजराचा मेंदू आळीपाळीने जागा होई आणि झोपी जाई. परंतु देठाच्या वरच्या टोकाशी छेद घेतला, की बाह्यकाच्या विद्युत्‌लहरी गाढ झोपेतल्यासारख्या मोठ्या आणि संथ होऊन जात. म्हणजे ‘राजा’ जागा राहण्यासाठी खालच्या देठातून काहीतरी सतत वर पोचावे लागते.

ते ‘काहीतरी’ १९४९ साली अधिक स्पष्ट झाले. ज्युझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगौन या दोघांनी गुंगीतल्या मांजराच्या देठात, मधल्या जाळीदार भागात, विजेचा सौम्य प्रवाह दिला. त्याबरोबर बाह्यकातल्या मोठ्या, संथ लहरी नाहीशा झाल्या आणि जागेपणीच्या बारीक, जलद लहरी उमटू लागल्या.

पुढचे पाऊल टाकायला उंदीर उपयोगी पडला. १९६४ साली स्वीडनमध्ये आनिका डालस्ट्रॉम आणि शेल फुक्से यांनी उंदराच्या देठातल्या काही विशेष चेतापेशींचा नकाशा तयार केला. या पेशींमधली रसायने एका खास प्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली चमकू लागत. त्या नकाशात एक इवलासा पुंजका होता, लोकस सेरुलियस. या लॅटिन नावाचा अर्थ ‘निळी जागा’. माणसाच्या मेंदूत ही जागा निळसर दिसते, म्हणून हे नाव. या पेशी नॉरॲड्रेनॅलिन नावाचे रसायन बनवतात व आपल्या लांबच लांब तंतूंनी ते मेंदूभर पोचवतात.

आता आकडे पाहा. उंदराच्या मेंदूत प्रत्येक बाजूला या पुंजक्यात सुमारे दीड हजार पेशी असतात. दोन्ही बाजूंच्या मिळून तीन हजार धरू. उंदराच्या बाह्यकात सुमारे तीन कोटी चेतापेशी आहेत. म्हणजे बाह्यकाच्या दहा हजार पेशींमागे या पुंजक्यातली एक पेशी. एवढ्याशा पुंजक्याचे तंतू साऱ्या बाह्यकावर पसरलेले असतात!

१९८१ साली गॅरी अॅस्टन-जोन्स आणि फ्लॉइड ब्लूम यांनी हिंडत्याफिरत्या उंदरांच्या या पेशींचे स्पंद नोंदवले. उंदीर जागा असताना पेशी सर्वांत जास्त स्पंद सोडत, साध्या झोपेत कमी, आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प. अचानक आवाज झाला तर त्या एकदम स्पंदांची सर सोडत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, उंदीर झोपेतून जागा होण्याच्या थोडे *आधीच* या पेशींची गती वाढू लागे. जाग आली म्हणून पेशी जाग्या झाल्या असे नव्हे, तर पेशींची चाहूल आधी आणि जाग नंतर.

जांभूळच्या पाण्याचा दाखला

इथे कोणी म्हणेल, मग राजा बदलला एवढेच! बाह्यक राजा नसेल, तर देठ राजा. देठ बटण दाबतो, बाह्यकाचा दिवा लागतो. अनेक वर्षे पुष्कळ शास्त्रज्ञांचीही समजूत अशीच काहीशी होती. निळ्या पुंजक्यातल्या पेशी एकदम, एकसाथ स्पंद सोडतात आणि साऱ्या मेंदूला सरसकट ‘जागा हो!’ असा एकच निरोप जातो, असे मानले जाई. ही समजूत कशी बदलली, ते समजण्यासाठी आपण एका गावाचा दाखला घेऊ.

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ तालुक्यात, बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांच्या शेजारी, जांभूळ नावाचे गाव आहे. तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणाचे पाणी तेथे शुद्ध होऊन मोठमोठ्या वाहिन्यांतून दूरदूरच्या वस्त्यांना जाते. दुरुस्तीसाठी हे केंद्र बंद ठेवले, की पार कळवा, मुंब्रा, दिवा येथल्या घरांतले नळ कोरडे पडतात. तिथल्या किती जणांना जांभूळ गाव माहीत असेल? पण त्यांची सकाळ जांभूळवर अवलंबून असते. लहान पुंजका आणि अफाट बाह्यक यांचे नाते असेच आहे.

जुनी समजूत अशी, की या केंद्राला जणू एकच मोठा व्हॉल्व्ह आहे. तो उघडला की सर्वांना एकाच वेळी सारखे पाणी. पण नळाच्या पाण्यावर राहणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा. ती सांगेल, की पाणी असे येत नाही. या भागाला पहाटे, त्या भागाला दुपारी, आणि पलीकडच्या चाळीला एक दिवसाआड.

मेंदूतही असेच काही आहे, हे २०१८ साली दिसून आले. जर्मनीत ट्यूबिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेत नेल्सन टोटाह, निकोस लोगोथेटिस, ऑक्साना एशेन्को आणि त्यांचे सहकारी यांनी गुंगीचे औषध दिलेल्या उंदरांच्या निळ्या पुंजक्यात एक बारीक सळई ठेवली. तिच्यावर अनेक नोंद-बिंदू असल्यामुळे पुष्कळ पेशींचे स्पंद एकाच वेळी वेगवेगळे टिपता आले. साऱ्या पेशी एकसाथ स्पंद सोडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एकसाथ बोलणाऱ्या जोड्या थोड्याच निघाल्या. पेशींचे लहानलहान गट होते आणि प्रत्येक गटाची वेळ निराळी होती.

आता पुढचा प्रश्न साहजिकच असा, की वेगळा गट बोलला तर बाह्यकात वेगळे काही घडते का? याचे उत्तर २०२२ साली प्रसिद्ध झाले. या संशोधकांपैकी काहींनी उंदराच्या पुंजक्यातले गट ओळखले, आणि त्या त्या गटाच्या स्पंदांच्या वेळी बाह्यकाच्या पुढच्या, मध्यरेषेजवळच्या भागात कोणत्या लहरी उठतात ते ताडून पाहिले. काही गटांच्या वेळी जलद लहरी वाढल्या, म्हणजे जुन्या समजुतीप्रमाणे बाह्यक ‘सावध’ झाले. पण दुसऱ्या काही गटांच्या वेळी त्याच जलद लहरी कमी झाल्या! ‘जागा हो’ हा एकच निरोप देणारा भोंगा असता, तर असे घडले नसते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हे उंदीर गुंगीत होते. शिवाय दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, एवढ्यावरून पहिलीने दुसरी घडवली असे सिद्ध होत नाही. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे आपण म्हणत नाही. या प्रयोगांतून जेवढे निघते तेवढेच घ्यावे : एकच हुकूम, एकच परिणाम, हे चित्र अपुरे आहे.

निरोप वरूनही येतात

जांभूळच्या दाखल्यालाही एक मर्यादा आहे. पाणी एकाच दिशेने वाहते, पण मेंदूतले निरोप दोन्ही दिशांनी जातात. १९९५ साली सुझान सारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने गुंगीतल्या उंदराच्या बाह्यकाचा पुढचा भाग औषधाने थोडा वेळ बधिर केला. त्याबरोबर खाली देठातल्या निळ्या पुंजक्याच्या पेशी अधिक जोराने स्पंद सोडू लागल्या. म्हणजे एरवी बाह्यक त्यांना आवर घालत होते. उलट १९९८ सालच्या एका प्रयोगात उंदराच्या बाह्यकाच्या पुढच्या भागाला विजेने चेतवले, तेव्हा पुंजक्यातल्या अनेक पेशी उत्तेजित झाल्या. कधी लगाम, कधी टाच, असे हे वरून खाली येणारे निरोप आहेत.

हे बोलणे झोपेतही थांबत नाही. गाढ झोपेत बाह्यकाच्या पेशी सेकंदा-दोन सेकंदांच्या संथ तालावर चालतात : थोडा वेळ सगळ्या गप्प, मग पुन्हा सगळ्या बोलत्या. २०१२ साली एशेन्को, सारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वाभाविक झोपेतल्या उंदरांत पाहिले, की निळ्या पुंजक्याच्या अनेक पेशी याच तालाशी बांधलेल्या आहेत. बाह्यक गप्प अवस्थेतून बोलत्या अवस्थेकडे चढू लागते, नेमक्या त्या वळणावर त्या स्पंद सोडतात. ढोलकीवाला आणि लेझीम खेळणारी मुले यांपैकी कोण कोणाचा राजा, असा प्रश्न आपण विचारतो का? ताल चुकू नये म्हणून दोघेही एकमेकांकडे कान देऊन असतात.

आपल्या महाराष्ट्रातही देठ आणि बाह्यक यांच्या या नात्याची एक निराळी बाजू उजेडात आली आहे. डालस्ट्रॉम-फुक्से यांच्या नकाशात देठाच्या मध्यरेषेवर आणखी काही पुंजके होते. तेथल्या पेशी सेरोटोनिन हे रसायन बाह्यकाला पोचवतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांनी या रसायनाचा व मनःस्थितीचा संबंध वर्षानुवर्षे अभ्यासला आहे. २०१९ साली त्यांनी, डॉ. उल्लास कोल्थूर-सीताराम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की उंदराच्या बाह्यकातल्या चेतापेशींना सेरोटोनिन मिळाले की त्यांच्यातल्या तंतुकणिका वाढतात. तंतुकणिका म्हणजे पेशीची ऊर्जाघरे, हे तुम्ही शिकलाच आहात. म्हणजे देठाकडून येणारे रसायन नुसता निरोप घेऊन येत नाही, तर निरोप ऐकणाऱ्याला बळही देते. या कामासाठी डॉ. वैद्य यांना २०२२ सालचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आपल्याला त्याचे काय?

उंदराच्या डोक्यात कोण कोणाशी बोलते, याच्याशी शाळेतल्या मुलांना काय करायचे आहे, असे एखाद्या पालकांना वाटेल. माझ्या मते पुष्कळच करायचे आहे.

राजा-नोकराच्या चित्रावर आपला इतका विश्वास असतो, की त्यावरून आपण मुलांना बोल लावतो. दहावीचा मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो, पहाटे पाचला उठून बदलापूरहून लोकल पकडतो, शिकवणीला जातो आणि दुपारी वर्गात पेंगतो. मग त्याला ऐकावे लागते, “लक्ष दे! मनावर घेतलेस तर सगळे जमेल.” जणू मन वरून हुकूम सोडेल आणि खालचा नोकर निमूट जागा राहील! प्रत्यक्षात बाह्यकाला सावध ठेवण्यात ज्याचा मोठा हात, त्या देठालाच विश्रांती मिळालेली नसते. झोपेची मागणी हुकमाने रद्द होत नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. पेंगणारा मुलगा दर वेळी आळशीच असतो असे नाही. पुष्कळदा त्याच्या मेंदूच्या दोन भागांचा ताल जुळेनासा झालेला असतो. शिक्षा करण्याआधी “काल किती वाजता झोपलास?” एवढे विचारले, तरी खूप होईल.

याचा अर्थ इच्छेला काहीच किंमत नाही, असा मात्र काढू नका. वरून खाली जाणारे निरोपही खरेच आहेत. गोंगाटातही आपण पुस्तकात रमू शकतो, भीती वाटली तरी स्वतःला सावरू शकतो. दोन्ही दिशा खऱ्या आहेत, हेच तर सांगायचे आहे.

दुसरी गोष्ट घरातल्या आजी-आजोबांची. विसरण्याच्या अल्झायमर या रोगाला आपण ‘बाह्यकाचा रोग’ समजतो. परंतु २०११ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि केली डेल ट्रेडिची यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या अनेक मेंदूंच्या आधारे दाखवले, की या रोगाशी निगडित असलेले प्रथिनाचे बदल फार लवकर दिसू लागतात ते देठातल्या त्याच निळ्या पुंजक्यात. कंपवातातही या पुंजक्यातल्या पेशी नष्ट होतात. नोकराची खोली म्हणून जिकडे फारसे कोणी फिरकत नव्हते, तिथे आता वैद्यकशास्त्र बारकाईने पाहू लागले आहे.

तिसरी गोष्ट उंदरांची. हे ज्ञान मुक्या प्राण्यांच्या जिवावर मिळाले आहे. आपल्या देशात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे, आणि विनाकारण वेदना देण्यास मनाई आहे. हे योग्यच आहे. पण माझ्या मते आपल्यावर आणखी एक जबाबदारी येते. त्या उंदरांनी जे दाखवले, ते निदान नीट समजून घ्यावे आणि शिकवावे. इतक्या जिवांचे मोल देऊन मिळालेले ज्ञान मासिकांत पडून राहावे आणि वर्गात राजा-नोकराचीच गोष्ट चालू राहावी, हे काही बरे नव्हे.

काही शिक्षक म्हणतील, की लहान मुलांना आधी तक्ताच शिकवावा लागतो, एकदम गुंतागुंत सांगितली तर ती गोंधळतील. या म्हणण्यात तथ्य आहे. वर्णमालेशिवाय वाचन येत नाही. परंतु वर्णमाला शिकवून आपण थांबत नाही, शब्द आणि वाक्येही शिकवतो. मेंदूच्या पाठात मात्र आपण वर्णमालेपाशीच थांबलो आहोत. आणि मुले गोंधळतील असे मला वाटत नाही. कबड्डीत चढाई करणारा आणि साखळी धरणारे यांचा मेळ ज्यांना कळतो, धरण, केंद्र, टाकी आणि नळ यांचा संबंध ज्यांना रोज दिसतो, त्यांना बाह्यक आणि देठ यांचा संबंध का कळू नये?

म्हणून माझी सूचना साधी आहे. परीक्षेत ‘मस्तिष्कपुच्छाचे कार्य लिहा’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न असावा : ‘अचानक मोठा आवाज झाला असता मेंदूचे कोणकोणते भाग एकमेकांना निरोप देतील?’ आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्ही पुस्तकात बदल होण्याची वाट पाहत बसू नका. तुमच्या वहीत मेंदूची आकृती असेलच. तिच्यातल्या नावांच्या मधे आज बाण काढा : देठाकडून बाह्यकाकडे एक, आणि बाह्यकाकडून देठाकडे एक. मग गुरुजींना विचारा, की या प्रत्येक बाणावरून कोणता निरोप जात असेल. त्यांतल्या काही बाणांची उत्तरे आज कोणापाशीच नाहीत. ती शोधण्याचे काम तुमच्यापैकीच कोणीतरी पुढे हाती घ्यायचे आहे.